चित्रासाठी वेगळे यंत्र हवे काय?

बारावीचा निकाल लागून अभियांत्रिकीचा प्रवेश निश्चित झाला, की भिलाईतील अनेक घरांत एक नवा प्रश्न उभा राहतो : मुलांसाठी संगणक कोणता घ्यावा? सेक्टरमधील आमच्या एका शेजाऱ्यांपुढेही तो आला. विदर्भातून येऊन पोलाद कारखान्यात उभी हयात घालविलेले, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले हे गृहस्थ. एका दुकानदाराने त्यांस सांगितले, की ग्राफिक्स कार्डावाचून संगणक व्यर्थ. दुसरा म्हणाला, की ते सारे प्रोसेसरमध्येच असते. दोघांच्या हिशेबात अंतर वीस हजारांहून अधिक! मुलगी मला म्हणाली, “काका, बाबांचे पैसे वाया जायला नकोत आणि माझे कामही अडायला नको. काय करावे?”

उत्तरासाठी आपण पडद्यापासूनच आरंभ करू. नेहमीच्या पडद्यावर १,९२० स्तंभ आणि १,०८० ओळी, असे सुमारे वीस लाख त्र्याहत्तर हजार ठिपके असतात. सेकंदाला साठ वेळा ते नव्याने उमटतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपके! एकेका ठिपक्याचे गणित सोपे, परंतु संख्या अफाट. अशा कामास एक प्रकांड पंडित उपयोगी नाही. एकाच वेळी हिशेब करणारी शेकडो साधी माणसे हवीत. ग्राफिक्सचा विभाग म्हणजे अशा कामकऱ्यांचा तांडा होय.

हा तांडा प्रोसेसरच्याच घरात राहत असेल, तर त्यास अंगभूत ग्राफिक्स म्हणावे. इंटेलने २०११ साली आपल्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत प्रोसेसर व ग्राफिक्स सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर आणले. तांड्याचे बिऱ्हाड वेगळे थाटले, म्हणजे ग्राफिक्स कार्ड झाले. परंतु खरा भेद बिऱ्हाडाचा नाही, पाण्याचा आहे. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते. प्रोसेसर आणि ते, दोघेही एकाच आडावर पाणी भरतात. कार्डाचा आड मात्र त्याच्या स्वतःच्या अंगणात असतो.

या आडांची तुलना आकड्यांत पाहण्यासारखी आहे. डीडीआर ४ जातीची ३२०० वेगाची एक रॅमपट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट माहिती पुरवू शकते; दोन पट्ट्या योग्य खाचांत जोडीने बसविल्या, तर ५१.२. याउलट, २०२१ साली बाजारात आलेल्या ‘आरटीएक्स ३०६०’ या १२ गिगाबाइटच्या कार्डाची स्मृती ३६० गिगाबाइट पुरविते. यातून दोन गोष्टी उघड होतात. मोठ्या कामात कार्डाची बरोबरी अंगभूत ग्राफिक्सला करता येत नाही, ही एक. दुसरी अशी, की कार्ड नसलेल्या संगणकात एकच मोठी रॅमपट्टी घालण्यापेक्षा दोन लहान पट्ट्या घालणे शहाणपणाचे. मोठ्या खर्चाआधी हा लहान उपाय करून पाहावा.

आता कामाचा विचार करू. प्रोग्रॅम लिहिणे, अहवाल व तक्ते करणे, व्याख्याने पाहणे, यंत्रभागांचे सपाट आराखडे काढणे, एवढ्यास अंगभूत ग्राफिक्स पुरेसे आहे. शेकडो भागांची त्रिमितीय रचना पडद्यावर फिरवावयाची, चित्रफितींचे भारी संपादन करावयाचे, नवे खेळ खेळावयाचे किंवा कृत्रिम बुद्धीची प्रारूपे घरीच घडवावयाची, तर कार्ड हवे. या शेवटच्या कामाची बरीच साधने एनव्हिडियाने २००७ साली आणलेल्या ‘कूडा’ पद्धतीवर उभी आहेत; त्यामुळे तेथे कार्ड कोणत्या कंपनीचे, हेही पाहावे लागते.

कार्डाचा खर्च किमतीपाशी संपत नाही. वर सांगितलेले कार्ड भर कामात १७० वॅटपर्यंत वीज घेते आणि ती सारी उष्णता होऊन खोलीतच उतरते. भिलाईचा मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांस याहून अधिक सांगणे नलगे. शिवाय घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. वीज गेल्यावर काम जतन करण्यासही तो अपुरा पडू शकेल.

दोन फसगती टाळाव्यात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. कार्डावाचून त्याचा पडदा काळाच राहतो. आणि कार्ड बसविल्यावर पडद्याची तार कार्डालाच जोडावी. ती मदरबोर्डाला जोडून, महागडे कार्ड रिकामे बसवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

शेजाऱ्यांना मी आठवण दिली ती त्यांच्याच कारखान्याची. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा योजना वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. पुढे १९६७ साली ती क्षमता पंचवीस लाख टनांवर आणि १९८८ साली चाळीस लाख टनांवर गेली. सारे काही पहिल्याच दिवशी उभारले नाही. टेबलावरच्या संगणकालाही ही सोय आहे. मांडीवरच्या संगणकात ती सहसा नसते. म्हणून आम्ही ठरविले ते असे : अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, आठ-आठ गिगाबाइटच्या दोन रॅमपट्ट्या, वेगवान एसएसडी, ५५० वॅटचा चांगला वीजपुरवठा आणि मदरबोर्डावर कार्डासाठी एक मोकळी खाच. तिसऱ्या वर्षी मुलीने त्रिमितीय रचनेचा वा कृत्रिम बुद्धीचा विषय घेतला, तर त्या खाचेत कार्ड बसेल. तोवर उरलेले वीस हजार तिच्या वडिलांच्या खात्यातच राहतील.