कागद आपले, ईमेल दुसऱ्याचा



१ जूनला बंदी लागली की जेटीवर जाळी शिवायचं काम सुरू होतं आणि आमच्या ऑफिसात कागदांचं. कुणाचा विमा संपलेला, कुणाची कर्जाची फाईल अडलेली, कुणाला रिटर्न भरायचं असतं. प्रत्येक कामाला आधार, पॅन आणि पासबुकाची झेरॉक्स लागतेच. दोन महिन्यांत आमच्या टेबलावरून इतक्या झेरॉक्स जातात की मासळीपेक्षा कागदाचा धंदा बरा, असं आम्ही आपसात म्हणतो.

यंदा मात्र एका सभासदाच्या बाबतीत जे घडलं त्यामुळे ही थट्टा आमच्याच अंगावर आली.

हे सभासद जुने ट्रॉलरवाले. इंजिन बदलायचं म्हणून बँकेत कर्जाला गेले. बँकेने तीन वर्षांची रिटर्नं मागितली. यांच्याकडे तिन्ही वर्षांच्या पावत्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेल्या. बँकेतल्या बाईंनी बघून सांगितलं, दोन ठीक आहेत, तिसरं अवैध दाखवतंय. म्हणजे भरलंच नाही असं धरलंय.

“पावती तर हातात आहे, मग भरलं नाही कसं?” असं म्हणत ते आमच्याकडे आले. आम्ही त्यांना समोर बसवून आयकर खात्याचं पोर्टल उघडायला गेलो. पासवर्ड त्यांना माहीत नव्हता, तो रिटर्न भरणाऱ्या ऑफिसकडे होता. आधारला त्यांचा स्वतःचा मोबाइल जोडलेला होता म्हणून बरं झालं. आधारच्या ओटीपीवर पासवर्ड नवा करून घेतला आणि आत गेलो. तिथे संपर्काच्या रकान्यात मोबाइल नंबर कुणा भलत्याचाच. ईमेलही तसाच.

“बाब, हा ईमेल कुणाचा?”

“माझा नाही. मला ईमेलच नाही.”

तो ईमेल त्या ऑफिसने काढलेला होता आणि नंबर तिथे पूर्वी कामाला असलेल्या पोराचा. पोरगा काम सोडून गेला, नंबर त्याच्याबरोबर गेला. रिटर्नमध्ये एक किरकोळ त्रुटी राहिली होती. खात्याने दुरुस्त करा म्हणून नोटीस पाठवली. अशा नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस असतात. मुदतीत उत्तर गेलं नाही आणि वाढीव मुदतही मागितली नाही, तर ते रिटर्न अवैध धरतात. नोटीस त्या ईमेलवर पडून राहिली आणि आमचा माणूस समुद्रात होता. इंजिनाचं कर्ज अजून अडलेलंच आहे, आणि बंदी ३१ जुलैला संपते.

ते ऑफिस कुठलं ते इथे लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण त्या माणसाने चोरी केलेली नाही. तो म्हणाला, “तुमची माणसं समुद्रात असतात, फोनला रेंज नसते. ओटीपी आला तर सांगणार कोण? म्हणून मी माझा नंबर घालतो.” यात खोटं काही नाही. आपणच त्याला सांगून येतो, “तूच बघ रे सगळं, आम्हाला यातलं काय कळतंय.” तो बघतो. पण त्याचं ऑफिस बंद झालं, पोरगा पळाला किंवा तुमचं त्याच्याशी बिनसलं, तर तुमच्या खात्याची किल्ली त्याच्याच खिशात राहते.

आणि सगळेच असे साधे नसतात. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली होती. काही एजंट लोकांच्या नावावर खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढत होते. त्या वेळी खात्याने एक गोष्ट मुद्दाम सांगितली. हे एजंट ढिगाने रिटर्नं भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढतात आणि नंतर सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली रिटर्नं सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. यातल्या किती जणांना आपल्या नावावर काय लिहिलंय ते आधी ठाऊक होतं, देव जाणे.

आता एक बारीक गोष्ट, जी आम्हालाही हल्लीच कळली. रिटर्नच्या पावतीची किंवा वार्षिक माहितीपत्रकाची फाईल पोर्टलवरून उतरवली की तिला कुलूप असतं. त्याची किल्ली म्हणजे लहान अक्षरांत पॅन नंबर आणि त्यापुढे जन्मतारीख. पॅनकार्डाच्या झेरॉक्सवर काय असतं? पॅन नंबर आणि जन्मतारीख. म्हणजे पेटी आणि किल्ली आपण एकाच पिशवीत घालून देतो. त्या माहितीपत्रकात तुमचं व्याज, मोठे व्यवहार, कापलेला कर असं बरंच काही असतं. सख्ख्या भावाला जे सांगत नाही ते त्या कागदावर असतं.

या प्रकरणानंतर आम्ही आमच्या सोसायटीचे हिशेब बघणाऱ्या सीएंच्या ऑफिसात गेलो. तुम्ही आमच्या सभासदांचे कागद कुठे ठेवता, असं तोंडावर विचारणं जरा अवघडच होतं. इतक्या वर्षांचा संबंध आहे. पण त्यांना राग आला नाही, उलट त्यांनी कपाटातून आमचीच फाईल काढून पुढ्यात ठेवली.

“हे तुम्ही गेल्या वर्षी पाठवलंत. मी तुमच्याकडे फक्त खलाशांचं पगारपत्रक मागितलं होतं.”

आत सगळ्या खलाशांच्या आधारच्या झेरॉक्स होत्या. ओडिशाची पोरं, झारखंडची, कर्नाटकातली. काहींच्या मागे घरच्या माणसाचा फोन नंबर पेनाने लिहिलेला. हिशेबाला नाव, दिवस, रक्कम आणि सही एवढंच पुरतं. आम्ही आपले “असू दे, लागलं तर” म्हणून गठ्ठाच्या गठ्ठा पाठवून दिला होता. त्यांनी तो पाकिटात बंद करून ठेवला होता आणि परत न्या म्हणून दोनदा फोनही केला होता. आम्ही गेलो नव्हतो.

चांगलं ऑफिस कसं ओळखायचं ते आम्हाला त्या पाकिटावरून कळलं. जे ऑफिस नको असलेला कागद घेत नाही, ते बरं.

त्यांनी आणखी काही गोष्टी समजावल्या. सीए माणसाला १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्याचं बंधन असतं. गिऱ्हाइकाची माहिती त्याच्या संमतीशिवाय बाहेर दिली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा धरतात आणि त्यांची संस्था कारवाई करू शकते. कायद्यानेच माहिती मागितली तर मात्र द्यावी लागते, तिथे गुप्तता आड येत नाही. पण नाक्यावरचा प्रत्येक ‘टॅक्सवाला’ सीए नसतो. जो नाही, त्याच्यावर त्या संस्थेचा धाक नाही. असा माणूस वाईटच असेल असं आम्ही म्हणत नाही. आपल्यातल्या निम्म्यांची कामं असेच लोक वर्षानुवर्षं सचोटीने करत आलेत. फक्त कुणाच्या हातात काय देतोय ते ठाऊक असावं.

२०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होतात. त्यातली एक तरतूद वाचून आम्ही खुर्चीत सरळ झालो. माहिती जो गोळा करतो आणि ती कशासाठी वापरायची ते ठरवतो, जबाबदारी त्याची. काम दुसऱ्याला दिलं तरी जबाबदारी सरकत नाही. म्हणजे तुमचे आधार-पॅन सोसायटीने घेऊन हिशेबनीसाकडे दिले आणि तिथून ते फुटले, तर “त्याला विचारा” म्हणून आम्हाला हात झटकता येणार नाहीत. आपली माहिती कुणाकडे आहे ते विचारायचा आणि काम संपल्यावर ती पुसून टाका म्हणायचा हक्कही तुम्हाला मिळतो. कायद्याने जे कागद ठरावीक वर्षं ठेवावेच लागतात, ते अर्थात राहणार.

आता आमची कबुली. विम्याचे फॉर्म भरताना “आधारचा फोटो ग्रुपवर टाका” असं आम्हीच लिहिलं होतं. पंचाऐंशी जणांनी टाकले. त्या ग्रुपवर बर्फवाला आहे, डिझेलवाला आहे, दोन मासळीचे एजंट आहेत आणि ज्यांनी ट्रॉलर विकून धंदा सोडला तेही आहेत. एका सभासदाच्या मुलीने आम्हाला वेगळा मेसेज केला, “काका, आमच्या आईचं आधारकार्ड सगळ्यांनी कशाला बघायचं?” उत्तर नव्हतं. फोटो काढून टाकले, पण ज्यांच्या फोनमध्ये उतरले ते उतरलेच. याबद्दल आम्ही सगळ्यांची माफी मागतो.

यापुढे ग्रुपवर कुणीही कागद टाकायचा नाही, आम्ही मागितला तरी नाही. खलाशांच्या झेरॉक्स सोसायटीच्या कपाटात कुलपात राहतील, हिशेबाच्या फाईलबरोबर जाणार नाहीत. जिथे चालत असेल तिथे पहिले आठ आकडे झाकलेलं आधार द्या. ते आधारच्या साइटवरून फुकट निघतं. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळूरु कार्यालयाने झेरॉक्स कुणालाही देऊ नका, झाकलेलं आधार द्या, असं पत्रक काढलं होतं आणि दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. त्याचा चुकीचा अर्थ लावला जाईल म्हणून. पत्रक मागे गेलं, पण झाकलेलं आधार काढायची सोय आजही आहे. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कुठल्या तारखेला. अक्षर कागदावरच्या फोटोला आणि नंबराला लागू दे, कोपऱ्यात लिहून उपयोग नाही.

रिटर्नच्या बाबतीत एवढं बघा. भरल्यापासून ३० दिवसांत ते पडताळावं लागतं आणि त्यासाठी बहुतेक वेळा तुमच्या मोबाइलवर आधारचा ओटीपी येतो. तो आकडा म्हणजे तुमची सही. फोनवरून “दादा, आकडा सांगा” म्हटलं की आपण सांगून मोकळे होतो. आधी रिटर्न बघा. ज्या देणगीची पावती तुमच्याकडे नाही ती तिथे दिसली, तर आकडा देऊ नका. कितीही मोठा रिफंड येणार असला तरी देऊ नका. पैसे परत मागताना नोटीस तुमच्या नावावर येते, एजंटच्या नाही.

आणखी एक, हे घरबसल्या होतं. जीएसटीच्या साइटवर पॅन नंबर घालून शोधलं की त्या पॅनवर जीएसटीची नोंदणी आहे का ते दिसतं. तुम्ही काढलेली नसताना दिसली, तर त्याच दिवशी आमच्याकडे या. बँकेतून पैसेच गेले असतील तर आमची वाट बघू नका, आधी १९३० ला फोन लावा.

त्या सभासदाचं आता असं ठरलंय. विलंब माफ करून रिटर्न ग्राह्य धरावं असा अर्ज सीएंकडून करून घेतलाय. निकाल कधी लागेल ते सांगता येत नाही. बँकेला आम्ही सोसायटीचं पत्र दिलंय. जुनं इंजिन दुरुस्त करून ऑगस्टमध्ये निघायचं, असं त्यांनी मनाशी धरलंय.

बंदी संपेपर्यंत रोज सकाळी दहा ते एक ऑफिसात संगणक मोकळा ठेवलाय. ज्यांना पोर्टलवर स्वतःचा नंबर आणि ईमेल घालून घ्यायचा आहे त्यांनी यावं. ईमेल नसेल तर काढून देऊ, पण पासवर्ड तुम्हीच टाकायचा, आम्ही मान वळवून बसू. येताना पॅन आणि आधारला जोडलेला मोबाइल आणा, चार्ज करून. घरात शिकलेली पोरं असतील तर त्यांनाही घेऊन या. झेरॉक्स आणू नका.