कचरावेचकांचे ओळखपत्र : उमेदवाराला विचारण्याचा एक प्रश्न

१५ जानेवारी २०२६ ला अमरावती आणि अकोला महापालिकांसाठी मतदान झाले. अमरावतीत ८७ आणि अकोल्यात ८० नगरसेवक निवडून द्यायचे होते. त्याआधी दोन्ही शहरांत मार्च २०२२ पासून प्रशासक बसले होते. म्हणजे जवळजवळ चार वर्षे कचऱ्याच्या निविदा, गाड्या, डेपोवरची प्रक्रिया हे सगळे निर्णय सभागृहात एकही प्रश्न न विचारला जाता झाले. निवडणूक आली की उमेदवार वस्तीत येतात. रस्ता, नाली, विहाराचे कंपाउंड, हायमास्ट या आपल्या ठरलेल्या मागण्या आहेतच. त्यांच्या जोडीला एक मागणी ठेवता येते, आणि ती आपल्या संघटनांच्या निवेदनात क्वचितच दिसते : कचरावेचकांची नोंदणी आणि त्यांना ओळखपत्र. ही मागणी नवी नाही. २०१६ पासून ती केंद्र सरकारच्या नियमात लिहिलेली आहे.

नियम कसे आले ते थोडक्यात पाहू. ७४व्या घटनादुरुस्तीने घनकचरा हा विषय बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिका-महापालिकांच्या कामांच्या यादीत आला. १९९६ मध्ये अलमित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि त्यातून २००० साली देशाला कचऱ्याचे पहिले नियम मिळाले. त्या नियमांत कचऱ्याची व्याख्या होती, कचरा वेचणाऱ्या माणसाची नव्हती. ती ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत आली. रस्त्यावरून, कुंडीतून, डेपोवरून पुन्हा वापरता येणारा माल गोळा करून, तो विकून पोट भरणारी व्यक्ती म्हणजे कचरावेचक. ज्यांना पोलीस संशयित म्हणून हटकतात आणि कॉलनीतले लोक गेटबाहेर काढतात, त्यांना कायद्याच्या भाषेत एक जागा मिळाली.

त्याच नियमांत राज्य सरकारला सांगितले होते की धोरण आखताना असंघटित कचरावेचकांची भूमिका मान्य करा. महापालिकेची कर्तव्ये नियम १५ मध्ये होती. कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देण्याची पद्धत ठरवायची, त्यांचे बचत गट उभे करायला मदत करायची, ओळखपत्र द्यायचे, घरोघरचा कचरा गोळा करण्याच्या कामात त्यांना सामावून घ्यायचे आणि सुका कचरा निवडण्याच्या केंद्रात त्यांना काम करू द्यायचे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट, गणवेश मिळेल हे पाहणेही महापालिकेचेच काम. ‘ओला-सुका वेगळा करा’ हे वाक्य घंटागाडीच्या भोंग्यावरून आपल्याला पाठ झाले आहे. तेही याच नियमांतले. मात्र त्याच कागदावरची ही दुसरी अर्धी बाजू कोणत्याच भोंग्यावर वाजत नाही.

यात अडचण नेमकी कुठे आहे हे कळायला पैशाची वाट पाहावी लागते. बाई पहाटे निघते, पुठ्ठा, पन्नी, पत्रा, बाटल्या गोळा करते आणि वस्तीजवळच्या भंगाराच्या दुकानात किलोवर विकते. तिथून माल ठोक व्यापाऱ्याकडे जातो आणि शेवटी वितळवणाऱ्या, दळणाऱ्या कारखान्यात. प्रत्येक टप्प्यावर भाव चढतो. सर्वांत कमी भाव पहिल्या हाताला. आता घरोघरी गाडी सुरू झाली की हा माल रस्त्यावर येतच नाही, तो गाडीत जातो. शहर स्वच्छ होते आणि तिची पोतडी रिकामी होते. अनेक शहरांत ठेकेदाराला उचललेल्या कचऱ्याच्या वजनावर पैसे मिळतात. तिथे कचऱ्यातून माल काढून घेणारी बाई म्हणजे ठेकेदाराच्या बिलातली घट. अशा ठेक्यात तिला स्वतःहून कोण सामावून घेईल? म्हणून निविदेतच तशी अट हवी. करार झाल्यावर मोर्चा काढून फारसे काही हाती लागत नाही.

प्लॅस्टिकच्या बाबतीत तर आणखी एक थर आहे. फेब्रुवारी २०२२ पासून प्लॅस्टिक वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर तेवढे प्लॅस्टिक परत गोळा होऊन त्याची विल्हेवाट लागेल हे पाहण्याची जबाबदारी आहे. कंपनीने स्वतः गोळा करायलाच हवे असे नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडून ती प्रमाणपत्रे विकत घेऊ शकते. म्हणजे बाटली नालीतून उचलली एकीने आणि ती उचलल्याच्या प्रमाणपत्राची किंमत मिळाली कारखान्याला. हा व्यवहार कायदेशीर आहे. त्यात ती बाई कुठेच नाही, कारण तिची नोंद कुठेच नाही.

अमरावतीत सुकळीचा कंपोस्ट डेपो आणि अकोल्यात नायगावचे डम्पिंग ग्राउंड आपल्याला माहीत आहेत. धूर, वास, भटकी कुत्री यांवरून त्यांच्या बातम्या येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात असे जुने ढीग चाळून, माती वेगळी करून जागा मोकळी करायची आहे. हे व्हायलाच हवे. ढिगाच्या पोटात मिथेन साठतो, आग लागते आणि तो धूर सर्वांत आधी शेजारच्या गरीब वस्तीच्या छातीत जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावती देशात पहिली आली. या सर्वेक्षणात कचरा जाळण्यावरचे नियंत्रणही मोजले जाते. अभिमान जरूर वाटावा. पण जी पन्नी जळाली नाही, तिच्यातली बरीचशी कोणीतरी आधीच वेचून नेली होती, हे सत्काराच्या भाषणात आले असते तर अधिक बरे वाटले असते. ढीग हटवताना त्यावर जगणाऱ्या माणसांची यादी आधी करायची की ढीग गेल्यावर, इथे महापालिकेची नियत दिसते.

आता आपल्या समाजातला प्रश्न. वस्तीत ओळखपत्राचा विषय काढला की एखादा शिकलेला तरुण हमखास विचारतो : बाबासाहेबांनी ही कामे सोडायला सांगितली, तुम्ही त्याच कामाचे कार्ड काय मागता? प्रश्न खरा आहे. १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडा असे सांगितले, त्यामागे घाणीशी जातीने बांधलेली गाठ तोडायची होती. जातीने दिलेले काम गौरवाचे आहे असे सांगणाऱ्यांपासून आपण सावध राहिलेच पाहिजे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो स्वतःच्या इच्छेने. खराटा ज्याच्या हातात जन्माने दिला गेला त्याची गोष्ट वेगळी, आणि दोन्हींना एकाच पोस्टरवर ‘स्वच्छतादूत’ म्हणणे मला पटत नाही. तरीही माझे उत्तर कार्डाच्या बाजूने आहे, कारण या कामातून बाहेर पडण्याची वाट त्या कार्डातूनच जाते.

उदाहरण घ्या. अस्वच्छ व्यवसायात काम करणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. त्यात कचरावेचकांची मुले येतात. पहिली ते दहावी, घरून शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला ३५०० रुपये. उत्पन्नाची अट नाही. मातंग, बौद्ध, भटके, मुस्लिम, कोणत्याही जाती-धर्माच्या कचरावेचकाच्या मुलाला ती घेता येते. मात्र पालक हे काम करतो असा दाखला स्थानिक संस्थेचा लागतो. महापालिकेच्या दफ्तरी नोंदच नसेल तर दाखला कशाच्या आधारावर देणार? दुसरी योजना ‘नमस्ते’. ती आधी गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांसाठी होती, जून २०२४ पासून कचरावेचकही तीत आले. नोंदणी झालेल्यांना सुरक्षा साधने, आयुष्मान भारतचे आरोग्य कवच आणि स्वतःचे वाहन किंवा धंदा उभा करायला अनुदान अशी तिची रचना आहे. इथेही दरवाजा नोंदणीचाच.

हे होऊ शकते याचा दाखला पुण्यात आहे. १९९० मध्ये एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाने कचरावेचक बायकांसोबत काम सुरू केले आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत असलेले बाबा आढाव ८ डिसेंबर २०२५ ला आपल्यातून गेले. या संघटनेच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. नव्वदच्या दशकातच तिच्या ओळखपत्रांवर पुणे महापालिकेने शिक्का दिला, आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिथेही करार नूतनीकरणाच्या वेळी दरवेळी भांडावे लागते. पण भांडायला हातात कागद आहे.

आपल्याकडे सुरुवात माहिती अधिकारातून करता येईल. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारायचे इतकेच : २०१६ च्या नियमांनुसार आजवर किती कचरावेचकांची नोंद झाली, किती ओळखपत्रे दिली, कचऱ्याच्या चालू करारात त्यांना सामावून घेण्याची अट आहे का, आणि त्या कराराची प्रत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करा, त्याला वीस रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नव्या कचरा नियमांचा मसुदा काढला, त्यात कचरा दोनऐवजी चार भागांत वेगळा करायचा होता : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. नव्या नियमांमुळे पालिकांना नवी केंद्रे, नव्या गाड्या, नवे करार करावे लागतील. त्या करारांच्या आधी यादी तयार असली तर उपयोग.

एक गोष्ट आपल्या घरची. शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम विनापरवाना जागेवर घ्यायचा असेल तर महापालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवायचे आणि कचरा जागेवरच वेगळा करायचा, हेही २०१६ च्या नियमांत होते. १४ एप्रिलची मिरवणूक, भोजनदान, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम, सगळे त्यात बसते. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. १५ एप्रिलच्या पहाटे चौकातल्या त्या ताटल्या कोण उचलते, हे जयंती समितीच्या बैठकीत एकदा विचारून पाहा. काही समित्यांनी स्टीलची ताटे आणली आहेत. धुण्याची माणसे आणि पाण्याचा टँकर आधी ठरवला तर ते जमते.

उमेदवाराकडून तोंडी होकार घेऊ नका. वस्तीच्या बैठकीत लिहून घ्या, तारीख टाका. मतमोजणी १६ जानेवारी २०२६ ला झाली, आणि महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेरपर्यंत ठरते. नोंदणीसाठी माणसे, सुका कचरा निवडायला शेड, हातमोजे-बूट यांची तरतूद त्यात आली नाही तर पुढचे वर्षभर ‘निधी नाही’ हेच उत्तर मिळेल. तेवढ्यासाठी फेब्रुवारीत आपापल्या वस्तीतली यादी, नाव, वय, किती वर्षांपासून काम, शाळेत जाणारी मुले, अशी चार रकान्यांची, आपणच करून आयुक्तांच्या कार्यालयात आवक क्रमांक घेऊन द्यायची आहे.