खडबडीत अंगाला हाड धरते

भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी तिला टाचे मारतो. गुळगुळीत अंगाला गिलावा धरत नाही, पोपडे निघतात. हा साधा नियम आता दातांच्या दवाखान्यातही उपयोगी पडतो आहे.

दात पडले की भाकरी दुधात कुस्करून खायची, आणि हुरडा दुसऱ्यांनी खाताना पाहायचा, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या नशिबी ठरलेलेच असते. शिवाय दात गेला की त्या जागचे जबड्याचे हाड हळूहळू झिजते, आणि मग कवळीही सैल होते. यावर एक उपाय म्हणजे हाडातच धातूची खुंटी बसवून तिच्यावर दात चढवायचा. या खुंटीला इम्प्लांट म्हणतात.

ही खुंटी टायटॅनियम धातूची असते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही या धातूचे खनिज सापडते. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवले होते. काम झाल्यावर ते काढू गेले, तर निघेना! हाडाने धातूला घट्ट धरले होते. पुढे १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात अशा खुंट्या बसवल्या. २००६ साली लार्सन वारले, तोपर्यंत त्या खुंट्या त्यांना साथ देत होत्या.

त्या काळच्या खुंट्या लेथवर कातलेल्या, बऱ्याच गुळगुळीत असत. त्या पक्क्या होण्यासाठी खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावे लागे. आता खुंटीवर बारीक कठीण कणांचा जोरदार मारा करतात आणि मग ती तीव्र आम्लात बुडवतात. त्यामुळे तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे खळगे पडतात. बारीक खळगे एकदोन मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागापेक्षाही लहान असतात. अशी खुंटी चांगल्या हाडात सहा ते आठ आठवड्यांतही दात पेलण्याजोगी होऊ शकते.

असे का घडते? खुंटी बसवताना भोवती रक्त साकळते आणि त्याचे बारीक धागे तयार होतात. गुळगुळीत अंगावरून ते सुटतात. खडबडीत अंगाला मात्र चिकटून राहतात. हाड बांधणाऱ्या पेशी या धाग्यांच्या आधाराने धातूपर्यंत पोचतात आणि थेट धातूवरच नवे हाड रचू लागतात.

यात एक गंमत आहे. खडबडीत पृष्ठभागावर या पेशींची संख्या काही फार वाढत नाही, उलट थोडी कमीच वाढते. पण त्या लवकर पक्व होऊन कामाला लागतात. ज्वारीचा नुसता पाला माजला म्हणजे कणीस भरते असे नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

मग खुंटी जितकी खडबडीत तितकी चांगली का? नाही. फार खडबडीत अंगावर जंतूंचा थर बसतो, तो घासून निघत नाही. मग हिरडी सुजते आणि धरलेले हाडही सुटू लागते. मध्यम खडबडीतपणाच उत्तम. हिरडीजवळचा भाग म्हणूनच पुष्कळदा गुळगुळीत ठेवतात.

जमीन कितीही चांगली नांगरली, तरी पुढची राखण आपल्यालाच करावी लागते. तंबाखू आणि मिश्री यांनी हिरडीची जखम भरायला उशीर होतो, आणि खुंटी निकामी होण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे; पण बंदीपेक्षा आपला निश्चय मोठा. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी.

इम्प्लांटचा खर्च कमी नसतो. म्हणून घाई नको. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन आधी तपासून घ्यावे. हाड किती शिल्लक आहे, कवळीने भागेल का, खुंटी कोणत्या प्रकारची आहे, दात केव्हा चढणार, एकूण खर्च किती, हे प्रश्न न लाजता विचारावेत. बियाणे घेताना आपण पिशवी उलटून पाहतोच; इथे तर आयुष्यभराच्या भाकरीचा प्रश्न आहे.