बेसबॉल स्मृतिकार्डे
बेसबॉल स्मृतिकार्डे : बेसबॉलपटूचे चित्र व त्याच्या कारकीर्दीची माहिती असलेल्या छापील कार्डावर त्या खेळाडूची स्वहस्ते केलेली स्वाक्षरी असेल, किंवा त्याने सामन्यात वापरलेल्या सदऱ्याचा, बॅटीचा अथवा अन्य वस्तूचा लहानसा तुकडा त्यात बसविलेला असेल, तर त्यास स्मृतिकार्ड म्हणता येईल. काही कार्डांत स्वाक्षरी व तुकडा हे दोन्हीही असतात. अशी कार्डे जमविण्याचा छंद प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वाढला. त्यात निवृत्त व दिवंगत खेळाडूंच्या कार्डांना वेगळे स्थान आहे. खेळत असलेल्या खेळाडूच्या कार्डाची किंमत त्याच्या पुढील यशापयशानुसार बदलते. निवृत्त खेळाडूची कामगिरी मात्र पूर्ण झालेली असते. त्यामुळे त्याच्या कार्डाचे मोल त्याची कीर्ती, उपलब्ध प्रतींची संख्या आणि स्वाक्षरीचा वा वस्तूचा खरेपणा यांवर ठरते. यांपैकी खरेपणा केवळ कार्डाकडे पाहून सहसा ठरविता येत नाही, ही या छंदातील मुख्य अडचण होय.

पूर्वपीठिका : १८८० नंतरच्या दशकात सिगारेटच्या पाकिटांना ताठपणा यावा व विक्री वाढावी, म्हणून त्यांत चित्रकार्डे घालण्याची प्रथा पडली. गुडविन कंपनीची ‘ओल्ड जज’ ही कार्डे या काळातील होत. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९–११ या काळात काढलेला संच ‘टी-२०६’ या नावाने ओळखला जातो. हे नाव जेफरसन बर्डिक (१९००–६३) या संग्राहकाने तयार केलेल्या सूचीवरून रूढ झाले. बर्डिक यांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात असून त्यात ३०,००० हून अधिक बेसबॉल कार्डे आहेत. टी-२०६ संचातील होनस वॅग्नर (१८७४–१९५५) या खेळाडूचे कार्ड अत्यंत दुर्मिळ आहे. त्याने आपले चित्र छापण्यास हरकत घेतल्यामुळे छपाई लवकर थांबविण्यात आली, असे सांगितले जाते. या कार्डाची एक प्रत २०२२ मध्ये ७२·५ लक्ष डॉलरना विकली गेली.

तंबाखूनंतर च्युइंग गमच्या विक्रीसाठी कार्डांचा उपयोग होऊ लागला. टॉप्स कंपनीचा १९५२ चा ४०७ कार्डांचा संच आधुनिक कार्डांचा नमुना मानला जातो. त्यातील मिकी मँटल (१९३१–९५) याच्या कार्डाची एक उत्तम स्थितीतील प्रत २०२२ मध्ये १ कोटी २६ लक्ष डॉलरना विकली गेली. ही सर्व कार्डे निव्वळ छापील होत. मुलांनी ती हाताळून खराब केली अथवा टाकून दिली आणि त्यामुळेच उरलेल्या थोड्या प्रती मौल्यवान ठरल्या.

टॉप्स कंपनीची मक्तेदारी न्यायालयीन निर्णयानंतर १९८१ मध्ये संपली. फ्लीअर व डॉनरस या कंपन्या, आणि १९८९ मध्ये अपर डेक ही कंपनी, या व्यवसायात उतरल्या. जुन्या कार्डांच्या वाढत्या किंमती पाहून लोक नवी कार्डे जपून ठेवू लागले होते आणि उत्पादकांनीही ती प्रचंड प्रमाणात छापली. जे सर्वांनी जपले ते दुर्मिळ होऊ शकले नाही. परिणामी १९८५ ते १९९५ च्या सुमाराच्या बहुसंख्य कार्डांना आज नाममात्र किंमत येते. छपाईने साधता न येणारी दुर्मिळता निर्माण करणे उत्पादकांना भाग पडले आणि त्यातून स्मृतिकार्डे पुढे आली.

स्वाक्षरीयुक्त कार्डे : संग्राहक आपल्या जवळच्या कार्डांवर खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या फार पूर्वीपासून घेत असत. उत्पादकाने स्वतः स्वाक्षरी मिळवून व तिची हमी देऊन ते कार्ड सीलबंद पाकिटात घालण्याची पद्धत मात्र १९९० मध्ये अपर डेक कंपनीने रूढ केली. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या रेजी जॅक्सन याने स्वाक्षरी केलेली व हाताने क्रमांक घातलेली २,५०० कार्डे त्या वर्षीच्या पाकिटांत विखरून ठेवण्यात आली. पुढील दोन वर्षांत हँक अॅरन (१९३४–२०२१) व टेड विल्यम्स (१९१८–२००२) या निवृत्त खेळाडूंचीही अशी कार्डे निघाली. १९९९ व २००० मध्ये फ्लीअर कंपनीने जुन्या खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांना वाहिलेले संच काढले.

स्वाक्षरीचे चार प्रकार आढळतात. प्रत्यक्ष कार्डावर केलेली स्वाक्षरी श्रेष्ठ मानतात. दुसऱ्या प्रकारात खेळाडू पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या तावावर सह्या करतो आणि त्या पट्ट्या नंतर कार्डांवर डकवितात. यात उत्पादकाची सोय असते, परंतु खेळाडूने ते कार्ड हाती धरलेलेही नसते. तिसरा प्रकार दिवंगत खेळाडूंचा. त्यांची पत्रे, धनादेश किंवा स्वाक्षरीवह्या यांतील स्वाक्षरी कापून कार्डाच्या चौकटीत बसवितात. चौथ्या प्रकारात उत्पादक आपलीच जुनी कार्डे बाजारातून परत विकत घेतो व त्यांवर निवृत्त खेळाडूची स्वाक्षरी घेऊन ती पुन्हा विक्रीस काढतो. स्वाक्षऱ्या वेळेवर न मिळाल्यास पाकिटात केवळ बदलीपत्र घालतात. ते पाठवून कार्ड मागवावे लागते आणि कधीकधी दीर्घकाळ वाट पाहावी लागते.

जुन्या खेळाडूंच्या दृष्टीने या व्यवहारास आर्थिक महत्त्वही होते. प्रमुख संघांतील खेळाडूंचे किमान वार्षिक वेतन १९६७ पर्यंत अवघे ६,००० डॉलर होते. करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना १९७५ च्या लवादनिर्णयानंतर मिळाले व तदनंतर वेतने झपाट्याने वाढली. त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना स्वाक्षरीचे मानधन हा उपयुक्त उत्पन्नाचा मार्ग ठरला. या उत्पन्नावरील कर बुडविल्याबद्दल पीट रोझ याला १९९० मध्ये तुरुंगवास घडला. ड्यूक स्नायडर व विली मॅकोव्ही यांनीही १९९५ मध्ये असाच गुन्हा कबूल केला.

वस्तुयुक्त कार्डे : सामन्यातील वस्तूचा तुकडा कार्डात बसविण्याची कल्पना प्रथम १९९६ मध्ये मोटारशर्यतींच्या कार्डांत, टायरच्या तुकड्यांच्या रूपाने, आली. बेसबॉलमध्ये १९९७ साली अपर डेक कंपनीने केन ग्रिफी (धाकटा), टोनी ग्विन व रे ऑर्डोन्येझ यांच्या सदऱ्यांचे तुकडे असलेली कार्डे काढली. अशा कार्डांसाठी सदऱ्याचे लहान चौकोनी तुकडे कापतात आणि जाड कार्डात पाडलेल्या खिडकीत ते दोन थरांमध्ये चिकटवितात. साध्या एकरंगी तुकड्यापेक्षा क्रमांक, अक्षरे किंवा संघचिन्ह यांतील बहुरंगी व शिवण असलेला तुकडा अधिक किंमतीचा असतो. बॅटीचे पातळ काप करतात. हातमोजे, टोप्या आणि मैदानावरील बेस यांचाही उपयोग केला जातो.

बेब रूथ (१८९५–१९४८) याने वापरलेली एक बॅट अपर डेक कंपनीने २३,००० डॉलरना विकत घेतली आणि तिचे काप करून १९९९ मध्ये कार्डे काढली. या घटनेवर बरीच टीका झाली. कूपर्सटाउन येथील राष्ट्रीय बेसबॉल संग्रहालयात अशा वस्तू अखंड स्वरूपात जतन केल्या जातात. येथे तर ऐतिहासिक वस्तू विक्रीसाठी नष्ट केली गेली, असा टीकाकारांचा आक्षेप होता. अखंड बॅट एकाच धनिकाकडे गेली असती, तुकड्यांमुळे ती अनेक चाहत्यांपर्यंत पोहोचली, असे समर्थन करण्यात येते. वस्तू कापल्याने आणखी एक हानी होते. अखंड सदऱ्यावरील क्रमांक, शिवणकामातील वैशिष्ट्ये, कापडावरील पट्ट्यांची जुळणी, डाग व दुरुस्ती यांची जुन्या छायाचित्रांशी तुलना करून तो कोणत्या सामन्यात वापरला गेला, हे काही वेळा निश्चित करता येते. बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या कापडावर यांपैकी काहीच उरत नाही. कापण्यापूर्वी नोंद झाली नसेल, तर पुरावाही वस्तूबरोबरच नाहीसा होतो आणि केवळ उत्पादकाच्या शब्दावर विसंबावे लागते.

खरेपणाची पडताळणी : बनावट स्वाक्षऱ्यांचा व्यापार १९९० नंतर फोफावला. आपल्या नावाच्या खोट्या स्वाक्षऱ्या विकल्या जात असल्याचे टोनी ग्विन (१९६०–२०१४) याच्याच लक्षात आले होते. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन बुलपेन’ या मोहिमेत कॅलिफोर्नियातील एक मोठी टोळी उघडकीस आणली; तिने दिवंगत खेळाडूंच्या स्वाक्षऱ्याही तयार केल्या होत्या. त्यानंतर २००१ मध्ये ‘मेजर लीग बेसबॉल’ या संघटनेने स्वतःची प्रमाणीकरण-योजना सुरू केली. तीनुसार साक्षीदार अधिकारी सामन्यास उपस्थित राहतो व वापरलेल्या वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावतो. परंतु २००१ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंच्या सामन्यांतील वस्तूंना ही साक्ष मिळू शकत नाही. सामान्य सदरे खेळाडूंनी वापरलेले म्हणून विकल्याच्या आरोपावरून २०११ मध्ये काही विक्रेत्यांवर खटले भरण्यात आले. अशा फसवणुकीत कार्ड-उत्पादकही सापडले होते.

या पार्श्वभूमीवर कार्डाच्या मागील मजकूर बारकाईने वाचणे अगत्याचे ठरते. विशिष्ट सामन्यात किंवा हंगामात वापरलेली वस्तू, केवळ सामन्यात वापरलेली वस्तू, खेळाडूने अन्य प्रसंगी अंगावर घातलेली वस्तू आणि कोणत्याही विशिष्ट सामन्याशी, प्रसंगाशी वा हंगामाशी संबंध नसलेली वस्तू अशा उतरत्या दर्जाच्या हमी आढळतात. शेवटच्या प्रकारातील तुकड्यास स्मृतिमूल्य फारसे नसते.

कार्डांची प्रतवारी करणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांपैकी १९९१ मध्ये स्थापन झालेली पीएसए ही विशेष प्रसिद्ध आहे. कोपरे, कडा, पृष्ठभाग व छपाईचा मध्य तपासून कार्डास १ ते १० पर्यंत श्रेणी देतात आणि ते पारदर्शक पेटीत सीलबंद करतात. ही श्रेणी कार्डाच्या स्थितीविषयी असते. स्वाक्षरीच्या खरेपणाविषयीचे मत वेगळे द्यावे लागते, तर कापडाचा तुकडा कोणाच्या सदऱ्याचा, याचा निर्वाळा श्रेणीवरून मिळत नाही.

जतन : शाई सूर्यप्रकाशाने फिकी पडते, म्हणून स्वाक्षरीयुक्त कार्डे उजेडात मांडून ठेवू नयेत. पीव्हीसीच्या वेष्टनातील रसायने कालांतराने कार्डास अपाय करतात. त्याऐवजी आम्लरहित व पीव्हीसीविरहित वेष्टने वापरतात. उष्णता व दमटपणा यांपासूनही संरक्षण आवश्यक असते. कार्डाबरोबर खरेदीची पावती व मूळ प्रमाणपत्र जपून ठेवणे तितकेच महत्त्वाचे असते. कारण खेळाडू व साक्षीदार हयात नसताना पुढील संग्राहकाला त्या कागदांचाच आधार असतो.