रेडिओचा जुना कोड नव्या लॅपटॉपवर ‘काऊन’ चालत नाही?

समजा, तुम्ही अमरावतीत किंवा अकोल्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. सीनियरने २०१७ चा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर दिलाय. यूएसबी डोंगल लावायचा, प्रोग्राम सुरू करायचा, की लॅपटॉपवर आकाशवाणीचं एफएम ऐकू येतं. तुम्ही सुरू करता, तर एररवर एरर. सबमिशन आठ दिवसांवर. आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : काऊन बा?

आधी हा रेडिओ समजून घेऊ. साध्या रेडिओत स्टेशन निवडणं, आवाज वेगळा काढणं ही कामं सर्किट करतं. इथे डोंगल लहरींचे फक्त आकडे करून देतो, बाकीचं प्रोग्राम बघतो. याला म्हणतात सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ. टीव्ही बघायच्या स्वस्त डोंगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप यासाठी वापरता येते, हे २०१२ मध्ये सगळीकडे पसरलं आणि हा प्रकार विद्यार्थ्यांच्या खिशात बसू लागला. मोठं उदाहरण हवं असेल तर नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण बघा. तिच्या ३० अँटेनांचे सिग्नल जुळवायचं काम २०१० च्या सुमारास खास हार्डवेअरकडून सॉफ्टवेअरकडे आलं.

आता एररकडे. असे प्रोजेक्ट बहुतेक वेळा ग्नू रेडिओ या मोफत सॉफ्टवेअरवर असतात. २०१७ मध्ये त्याची ३.७ आवृत्ती चालायची आणि तिला पायथन २ लागायचं. पायथन २ चा अधिकृत सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. उबुंटू २२.०४ वर मिळतं ते ग्नू रेडिओ ३.१० आणि पायथन ३. म्हणजे सीनियरचा कोड बिघडलेला नाही, त्याच्या खालची जमीन सरकली आहे.

सगळ्यात जास्त घोळ साध्या भागाकाराने होतो. २,४०,००० भागिले ४८,००० याचं उत्तर पायथन २ मध्ये ५ यायचं, पायथन ३ मध्ये ५.० येतं. आपल्याला फरक काहीच नाही. पण ‘किती आकड्यांमागे एक ठेवायचा’ हे विचारणाऱ्या ब्लॉकला पूर्णांकच लागतो, ५.० दिलं की तो अडून बसतो. उपाय एका अक्षराचा : भागाकाराच्या एका तिरक्या रेघेऐवजी दोन (//). प्रिंटला कंस लावणं हे त्याहून सोपं.

स्क्रीनवरचे आलेख मात्र पुन्हा जोडावे लागतात. जुने डब्ल्यूएक्सचे ब्लॉक ३.८ पासून काढून टाकलेत, त्यांच्या जागी क्यूटीचे घ्यायचे. जुनी आकृतीची फाइल नव्यात उघडते, पण सेव्ह केली की नव्या फॉरमॅटमध्ये जाते आणि ३.७ मध्ये परत उघडत नाही. म्हणून आधी कॉपी काढा. ही पायरी गाळू नका.

सीनियरने सी++ मध्ये स्वतःचा ब्लॉक लिहिला असेल तर खरी मेहनत तिथे आहे. ३.९ पासून सी++ आणि पायथनला जोडणारा दुवाच बदलला : स्विग गेलं, पायबाइंड११ आलं. अशा वेळी थेट ३.१० वर उडी मारू नका, आधी ३.८ वर या. तिथे पायथन २ आणि ३ दोन्ही चालतात.

फारच घाई असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये उबुंटू १८.०४ टाकून जुनाच कोड चालवता येतो. व्हायवापुरतं ठीक आहे, पण पुढच्या बॅचलाही तोच पेन ड्राइव्ह मिळेल. तरी ते मशीन ठेवाच. डोंगलवरून एका स्टेशनचं मिनिटभराचं रेकॉर्डिंग फाइलमध्ये साठवा आणि तीच फाइल जुन्या-नव्या दोन्ही कोडमधून काढून ऐका. नव्यात निवेदकाचा आवाज बारीक किंवा जाड झाला, तर सॅम्पल रेट कुठेतरी चुकलाय.