कुठल्या कंपनीची लेन्स चांगली? चामटोलीतल्या एका भिंतीसमोरचा प्रयोग

पीएचडीसाठी मी चतुरांच्या पंखांचे फोटो काढून त्यावरून मोजमाप करतो. त्यामुळे ज्युनियर मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, लेन्स कुठल्या कंपनीची घेऊ?" फेलोशिपच्या पैशात लेन्स एकदाच घेता येते. ती चुकली, तर सगळा डेटा चुकतो. म्हणून उन्हाळ्यात चामटोलीच्या घरी, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंतीसमोर दोन कंपन्यांच्या ५० मिमी लेन्स तपासायला घेतल्या. त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. नावं का देत नाही, ते शेवटी कळेलच.

पहिल्या दिवशी प्रत्येक लेन्स तिच्या तिच्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर लावली. 'अ'चा उजवा कोपरा धूसर, 'ब' एकदम स्वच्छ. निकाल लागला! पण आता बघा, मी नक्की कशाची तुलना केली? कॅमेरे वेगळे म्हणजे सेन्सर वेगळा, मेगापिक्सेल वेगळे. शिवाय जेपीईजी बनवताना कॅमेरा स्वतःच शार्पनेस वाढवतो आणि लेन्सचे काही दोष झाकतो. यातलं लेन्सचं किती आणि कॅमेऱ्याचं किती, हे सांगताच येत नाही.

मग दोन्ही लेन्स एकाच कॅमेऱ्यावर कशा लावायच्या? लेन्सच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीचं ठरलेलं असतं: निकॉन एफ ४६.५ मिमी, पेंटॅक्स के ४५.४६, कॅनन ईएफ ४४. सोनी ई या मिररलेस माउंटचं अंतर फक्त १८ मिमी आहे. उरलेल्या जागेत अडॅप्टर बसतो. म्हणून मिररलेस बॉडी उसनी आणली. ट्रायपॉड, टायमर, रॉ फाइल, दोन्हीकडे एफ/४ आणि एफ/८, प्रत्येक वेळी नव्याने फोकस करून पाच फोटो. तरी 'अ'चा उजवा कोपरा धूसरच.

इथे एक सोपी युक्ती आहे. कॅमेरा उलटा करा, म्हणजे १८० अंशांत फिरवा, आणि पुन्हा फोटो काढा. धूसरपणा भिंतीच्या त्याच विटांवर राहिला, तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. तो फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर दोष लेन्स, अडॅप्टर किंवा सेन्सर यांपैकी कशात तरी आहे. माझ्या बाबतीत तो कोपऱ्यातच राहिला.

शेवटी बदलापुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून 'अ'चीच दुसरी लेन्स आणली. कॅमेरा तोच, अडॅप्टर तोच. आणि उजवा कोपरा स्वच्छ! म्हणजे दोष कंपनीचा नव्हता, माझ्या हातातल्या त्या एका नगाचा होता. आतली काच किंचित सरकली असेल, तर असं होतं. अमेरिकेतल्या लेन्सरेंटल्सचे रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग ऑप्टिकल बेंचवर मोजून दाखवलं आहे की एका नगात आणि दुसऱ्या नगात फरक असतोच.

संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर माझा नमुना होता एक, आणि निष्कर्ष काढायला निघालो होतो अख्ख्या कंपनीबद्दल. पहिल्या दिवशी थांबलो असतो, तर आज दहा ज्युनियरना छातीठोकपणे चुकीचा सल्ला देत असतो. नावं न देण्याचं कारण हेच.

कंपन्यांचे एमटीएफ आलेख वाचतानाही हे लक्षात ठेवा. काही आलेख प्रत्यक्ष मोजलेले असतात, काही नुसत्या डिझाइनवरून गणित करून काढलेले. दोन वेगळ्या प्रकारचे आलेख शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता हाताळणी. ही 'आवडीनिवडीची गोष्ट' म्हणून सोडून देऊ नका, तीही मोजता येते. निकॉनची फोकस रिंग कॅननच्या उलट दिशेने फिरते. एकीची सवय असलेला माणूस दुसरीवर हमखास अडखळतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस सराव करा. मग शेताच्या बांधावर दोन्ही लेन्सने वीस-वीस फोटो काढा, क्रम आलटून-पालटून, आणि मोजण्याजोगे किती आले ते लिहून ठेवा.

तेव्हा बोरा बाजारात जाल, तेव्हा शक्य असेल तर एकाच मॉडेलचे दोन-तीन नग लावून बघा. आणि प्रश्न बदला. "कुठली कंपनी चांगली?" असं विचारू नका. "माझ्या कामाला, माझ्या हातात, हा नग चालेल का?" असं विचारा. याचं उत्तर एका भिंतीसमोर, एका दुपारी मिळतं.