ठिणगी नेमकी कधी पडते?

पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्टँडवरून सुटणाऱ्या डिझेलच्या लालपरीत स्पार्क प्लगच नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपसूक पेटतं. शेजारून जाणाऱ्या पीएमपीच्या सीएनजी बसला मात्र प्लग लागतो. ‘इंजिन म्हटलं की ठिणगी आलीच’ हा समज स्टँडच्या दारातच निकालात निघतो. पेट्रोलच्या गाड्यांविषयीचे समज अधिक चिवट आहेत.

पिस्टन अगदी वर पोचला की ठिणगी पडते, असं पुष्कळांना वाटतं. पण मिश्रण पेटलं तरी ज्योत पसरायला दोनेक मिलिसेकंद जातात, आणि मिनिटाला ३००० फेरे घेणारा क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. दाबाचा जोर हवा असतो पिस्टन खाली वळल्यावर, साधारण १५ अंशांवर. म्हणून ठिणगी आधीच टाकावी लागते, कधीकधी ३० अंश आधी. गॅरेजच्या भाषेत हा ‘ॲडव्हान्स’.

‘इलेक्ट्रॉनिक इग्निशन म्हणजे ठिणगी जोरदार’ हे अर्धसत्य. खरा फायदा वेळ ठरवण्यात आहे. प्रीमियर पद्मिनीच्या, प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वेग ओळखायला स्प्रिंगला बांधलेली वजनं असत. कल्पना झकासच, पण इंजिन गार आहे की तापलंय हे त्या वजनांना कुठून कळणार? शिवाय विजेचा संपर्क तोडणारे पॉइंट झिजले की टायमिंग सरके. आता बऱ्याच गाड्यांत क्रँकवर ६० दातांचं चाक असतं, त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. ती मोकळी जागा सेन्सरसमोरून गेली की पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळतं. वेग, भार, तापमान पाहून तो साठवलेल्या तक्त्यातून कोन काढतो, आणि तेही प्रत्येक ठिणगीसाठी नव्याने.

‘जोर हवा तर ॲडव्हान्स वाढवा’ हा सल्ला तर उलटाच. सातारा रस्त्याच्या सपाटीवर हलक्या पायाने जाताना सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, त्यामुळे ॲडव्हान्स जास्त लागतो. कात्रजच्या घाटात पाय दाबला की मिश्रण दाट होतं, लवकर जळतं, नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपसूक पेटण्याचा, धोकाही वाढतो. तिथे ईसीयू ॲडव्हान्स कमी करतो. नॉक सेन्सर असलेल्या गाडीत खडखड सुरू झालीच, तर ठिणगी आणखी मागे जाते आणि धोका टळला की हळूहळू पूर्वपदावर येते. जेधे चौकाच्या सिग्नलला एसी सुरू झाला तरी इंजिन डचमळत नाही, यातही ठिणगी किंचित पुढेमागे करण्याचा वाटा असतो.

डिस्ट्रिब्युटर सैल करून ‘टायमिंग मारून द्या’ म्हणायचे दिवस संपले. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल असते, फिरवायला काही उरलेलंच नाही. स्कॅनर लावून कोन वाचता येतो, इतकंच. महागडं जादा ऑक्टेनचं पेट्रोलही सरसकट जोर वाढवत नाही. नॉकिंगमुळे इंजिन हात आखडता घेत असेल तरच फरक पडतो.

सीएनजीचं मात्र वेगळं. ती पेट्रोलपेक्षा सावकाश जळते आणि नॉकिंगला दाद देत नाही, म्हणून तिला ठिणगी आणखी आधी हवी. कंपनीच्या सीएनजी गाडीत तिचा तक्ता वेगळा भरलेला असतो. बाहेरून किट बसवताना मात्र ‘टायमिंग ॲडव्हान्सर’ घेणार का, हे फिटरला आधी विचारावं.